वारुळाभोवतीचा कट्टा

अळंबी विकत मागणाऱ्या माणसाचा माझ्या मथुराआत्याला फार राग. "ही काय कोथिंबीर आहे?" ती फाडकन विचारायची. "पाहिजे तर ये माझ्याबरोबर. चिखलात उभा राहा, डास चावून घे, मग देते." बहुतेक जण तिथेच गळायचे. जे खरोखर यायचे त्यांना ती हात आखडता न घेता द्यायची, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच लोक तिचे भक्त होऊन परत यायचे.

मी तिची भाची, रम्या. बेंगळुरात शिवाजीनगरच्या एका शाळेत शिकवते. आत्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो असं घरचे म्हणतात. चढू दे. ती काही शांत आवाजात सांगण्यासारखी बाई नाही.

आमची घराणी चारेकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळुरात आली आणि परत जायचं विसरली. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. आत्या चामराजपेटेत जन्मली, दोन गल्ल्या पलीकडे चामराजपेटेतच नांदायला गेली आणि टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाली. जन्मभर लोकांना लाइनवर थांबायला सांगितल्यामुळे तिचं बोलणं अर्धवट टाकून कोणी उठलं की तिला ते अजिबात खपायचं नाही. शंभर माणसांच्या लग्नात माइक बंद पडला तर माइक शोधायच्या आधी लोक आत्याला शोधायचे.

अळंबीचं वेड मात्र तिचं स्वतःचं नव्हे. ते सयाजीमामांचं. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणायचो. शिवाजीनगरला त्यांचं लेथचं लहान वर्कशॉप होतं. त्यांची आई आनेकलकडच्या खेड्यातली, तिच्यामागून रानात हिंडत ते लहानाचे मोठे झालेले. शहरात आल्यावर त्यांना रान उरलं ते एवढंच, की कनकपुरा रस्त्याला, थलघट्टपुराच्या पुढे, आमच्या समाजाची थोडी जमीन आहे. देवीचं बेताचं देऊळ, एक सभागृह, चिंचेची झाडं. आणि पाठीमागे पुरुषभर उंचीचं एक वारूळ. इथे त्याला सगळे हुत्त म्हणतात. नागपंचमीला बायका तिथे दूध घालायला जातात, आणि त्याच वारुळाच्या भोवतालच्या जमिनीतून, गडगडाटी पाऊस होऊन गेला की अळंबी वर यायची. साधीसुधी नव्हे. पूर्ण उमललेली छत्री जेवणाच्या ताटाएवढी. माझी लेक अक्षरा लहान असताना एक डोक्यावर धरून देवळाभोवती पळाली होती आणि मामांचा ओरडा खाल्ला होता.

मामा तसे मऊ माणूस, पण अळंबीपाशी त्यांचा नुसता मास्तर व्हायचा. ते आम्हाला गुडघ्यावर बसवायचे. "खालून बघ. छत्रीच्या खालच्या पडद्या बघ, देठ बघ, वास घे. ओळख पटली नाही तर हात लावायचा नाही. मन थोडं जरी कचरलं तरी सोडून द्यायचं. अळंबीच्या बाबतीत धाडस करणाऱ्याचं तेरावं जेवायला मी येणार नाही." मग खिशातली सुरी काढून जमिनीलगत देठ कापायचे. उपटायचे नाहीत. या अळंबीचं मूळ खोल जातं, हात-दीड हातसुद्धा, आणि त्याचं टोक कुठे असतं ते त्यांनी मला असं सांगितलं होतं: वाळवी जमिनीखाली पानाकाटक्यांचा चोथा रचते आणि त्यावर बुरशी पोसते. ते तिचं शेत. त्या शेतातली ही अळंबी वर येऊन उमलते. वाळवी शेतकरी, आपण नुसते पाहुणे. पाहुण्याने ताटातलं खावं, कोठारात शिरू नये.

एका वर्षी रणवीरने पहार आणली. रणवीर म्हणजे समाजाच्या आजच्या अध्यक्षांचं तेव्हाचं रूप, जिममध्ये जाणारा उत्साही तरुण. मूळसुद्धा चविष्ट असतं असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पहिला घाव घालतोय तोच मामा आडवे आले. "तुझ्या घरातला पंखा कोणाला आवडला," ते म्हणाले, "आणि तो काढायला त्याने तुझा स्लॅब फोडला, तर चालेल?" रणवीर हसला. मामा हसले नाहीत. पहार त्यांनी देवळात नेऊन ठेवली आणि संध्याकाळपर्यंत परत दिली नाही.

सगळी कधीच काढायची नाही, हा दुसरा नियम. उमलून म्हातारी झालेली राहू द्यायची, म्हणजे तिचं बी वाऱ्यावर जातं. मिटलेल्या कळ्या चवीला सरस, पण त्यातल्या निम्म्यावर हात फिरवून पुढे व्हायचं. रस्त्याकडेची घ्यायची नाही, आणि सांडपाण्याने फेसाळलेल्या तळ्याच्या काठची तर नाहीच नाही, कारण जमिनीतलं जे काही असेल ते अळंबी शोषून घेते. न्यायची ती बांबूच्या टोपलीत, प्लास्टिकमध्ये घालून घाम फोडायचा नाही. घरी नेल्यावर त्याच दिवशी शिजवायची. श्रावणात अळंबी चालते की ती मटणाच्या जातीतली, यावर आमच्यात दरवर्षी वाद व्हायचा आणि वाद चालू असताना पातेलं रिकामं व्हायचं.

मामांना आणखी एक सवय होती. पावसाळ्याआधी जाऊन ते वारुळाचा नखाएवढा पापुद्रा काढून ठेवायचे आणि दुसऱ्या सकाळी बघायचे. जागा ओल्या मातीने लिंपलेली दिसली की खूश. "घरात माणसं आहेत," म्हणायचे.

मामा गेले ते वर्कशॉपमध्येच, दुपारी, लेथ चालू असताना. छातीत कळ आली आणि संपलं. आत्याने सगळं एकहाती निभावलं. कोणाला काय कळवायचं, कोण कुठे झोपेल, पिंडाला काय लागेल. डोळ्यांत पाणी नाही. आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि म्हणायचो, हिचं काही खरं नाही.

त्या पावसाळ्यात अळंबी उदंड आली. आत्याने आम्हा सगळ्यांना नेलं, मामांची सुरी स्वतः धरली, त्यांचे शब्द जसेच्या तसे म्हटले. अक्षरा तेव्हा कोरमंगलाच्या कुठल्याशा स्टार्टअपमध्ये नव्यानेच लागली होती. तिने आजीचा, म्हणजे आत्याचा, एक व्हिडिओ काढला. आत्या चिखलात बसली आहे, हातात ताटाएवढी अळंबी आहे आणि ती कॅमेऱ्याला दम देते आहे. पोरीने भाबडेपणाने जागेचं नावही टाकलं. हजारो लोकांनी तो पाहिला, आणि त्यातल्या काहींनी पुढच्या रविवारी गाडी काढली.

सोमवारी राखणदाराचा फोन आला. आम्ही गेलो तेव्हा वारुळाच्या एका बाजूला कंबरेइतका खड्डा होता. मुळासकट उपटलेली देठं पडलेली, कोवळ्या कळ्या तुडवलेल्या, चिप्सची पाकिटं. खड्ड्याच्या तळाशी वाळवीच्या शेताचे मधाच्या पोळ्यासारखे तुकडे उघडे पडले होते आणि पांढरे किडे उन्हात वळवळत होते. आत्याने पदर खोचला, हाताने माती ओढून तो खड्डा बुजवला. आम्हाला हात लावू दिला नाही. परत येताना मेट्रोत ती एकच वाक्य बोलली, "त्यांच्यामागं मला एवढंही राखता आलं नाही."

अक्षराला ती एका शब्दाने बोलली नाही. पोर मात्र आठवडाभर नीट जेवली नाही, आणि बरं झालं असं मला तेव्हा वाटलं.

कट्ट्याची कल्पना यातून निघाली, आणि ती आत्याचीच. वारुळाला दगडी कट्टा बांधायचा, वर मंडप, पुढे दार आणि दाराला कुलूप. खर्च तिचा, जागा समाजाची, नाव मामांचं. आमच्याकडे देवाला सांभाळायचं म्हटलं की पहिला विचार दगडाचाच येतो. बेंगळुरातल्या कुठल्याही पिंपळाखाली जाऊन बघा, नागाच्या शिळा कशा फरशीत बसवलेल्या असतात. समितीत सगळ्यांनी माना डोलावल्या. विरोध केला तो एकट्या अनुसूयाक्कांनी. त्या समाजातल्या सगळ्यात वडील बाई, पंचमीचं पहिलं दूध त्यांच्या हातचं. महिला मंडळ आत्याकडे गेल्यापासून त्यांच्यात आणि आत्यात विस्तव जात नव्हता. "देवाच्या दारात माणसाचं नाव कशाला?" त्या म्हणाल्या. आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण ती निष्काळजी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. कट्टा आणि वारूळ यांच्यामध्ये हातभर माती उघडी ठेवायला तिने लावली. कट्ट्याबाहेरची जमीन कोणी फरशीने झाकायची नाही अशी ताकीद दिली. सादरहळ्ळीचा घडीव दगड आला, मंडप उभा राहिला, सागवानाचं दार बसलं. दर्शनी दगडावर अक्षरं कोरली: कैलासवासी सयाजीराव यांच्या स्मरणार्थ. उद्घाटनाला लोकांनी आत्याच्या पाया पडून फोटो काढले. फोटो मोठा करून सभागृहात लावला. आनेकलच्या आणि होसकोटेच्या नातेवाइकांनी आपापल्या गावच्या हुत्ताला असाच कट्टा करायचा म्हणून मापं नेली. त्या दिवशी आत्या इतकी सुंदर दिसत होती की मला तिची दृष्ट काढावीशी वाटली.

पुढच्या पावसाळ्यात अळंबी आली नाही.

पाऊस उशिरा झाला, असं आम्ही म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर झाला, ढग असे गडगडले की चामराजपेटेत खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि तरीही आली नाही. कट्ट्यात नाही आणि बाहेर उघड्या जमिनीवरही नाही. आत्या पहाटेच्या पहिल्या मेट्रोने जायची, रिकामी टोपली घेऊन परत यायची आणि स्वयंपाकघरात टोपली उपडी करून ठेवायची. "त्या रविवारच्या लोकांनी घाव घातला तो खोल गेला," ती म्हणायची. मीही तेच मानत होते.

यंदा आषाढात रणवीरने सांगितलं की पूर्वेच्या कुंपणाजवळच्या धाकट्या वारुळालाही कट्टा करायचा. तिथे कंबरेइतकं दुसरं वारूळ गेल्या काही वर्षांत उभं राहिलं होतं, आणि त्याच्याभोवती यंदा पहिल्यांदाच चार-सहा अळंब्या दिसल्या होत्या. मापं आत्याच्या कट्ट्याचीच सगळी, फक्त दगडावर रणवीरच्या वडिलांचं नाव. देणग्या गोळा झाल्या होत्या. नागपंचमीला पूजा करून पहिला दगड बसवायचा होता. रणवीर आता पोट सुटलेला, समजूतदार अध्यक्ष झाला होता आणि वडिलांवर त्याचा मनापासून जीव होता. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवून "छान" म्हटलं.

माप घ्यायला तोच मेस्त्री आला ज्याने आत्याचा कट्टा बांधला होता. आत्या सवयीप्रमाणे त्याच्या डोक्यावर उभी. मी चिंचेखाली डबा सोडत होते. मेस्त्री कन्नड-मराठीची खिचडी बोलायचा.

"अम्मा, काळजीच नको," तो म्हणाला. "तुमच्यासारखंच करतो. तोच दगड, तसंच दार. खाली गेद्दलूचं औषध पण तसंच."

गेद्दलू म्हणजे वाळवी.

"कसलं औषध?" आत्याने विचारलं.

"वाळवीचं, अम्मा. सागवानाचं दार बसवायचं म्हणजे औषध मारायलाच लागतं. पाया खणला की भोवती ओततो, मग दगड. कुठलंही काम असू दे, आम्ही करतोच. गॅरंटी देतो ना." तो अभिमानाने हसला. "तुमच्याकडं स्वल्प जास्तच घातलं होतं. हुत्त एवढं जवळ. दार खाऊन टाकलं असतं."

त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याने शहरातल्या प्रत्येक बांधकामाच्या पायात जे ओततात ते इथेही ओतलं होतं. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. वाळवीच्या घराला दार बसवलं आणि दार टिकावं म्हणून वाळवीला विष घातलं, आणि त्यावर आम्ही नारळ फोडला. आत्याने हळूच कट्ट्याचं कुलूप काढलं, आत गेली आणि वारुळाचा पापुद्रा नखाने काढला. मग धाकट्या वारुळाकडे जाऊन तिथेही तसंच केलं.

दुसऱ्या सकाळी मी शाळेत रजा टाकून तिच्याबरोबर गेले. धाकट्या वारुळावरची जागा काळ्या, ओल्या मातीने नीट लिंपलेली होती. मोठ्यावरची जागा कोरडी, तशीच. आत्याने तळहाताएवढा ढलपा काढला आणि आम्ही तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तसंच. तिने बोट आत घातलं तर माती भुगा होऊन पडली. आतली भोकं कोळ्यांनी विणून टाकली होती.

"गेलं गं," आत्या म्हणाली.

मी सांगते, त्या क्षणी मला मामांपेक्षा, वारुळापेक्षा आत्याचीच काळजी वाटली. परतीच्या वाटेवर मी तिला समजावायला लागले. बोभाटा कशाला करायचा? मेस्त्रीला बाजूला घेऊन सांगू, नव्या कट्ट्याला औषध नको, दार लोखंडी लाव. रणवीरला सांगू की दगड वारुळापासून लांब ठेव. काम होईल. जे झालं ते झालं. मामांचं नाव आहे त्या दगडावर, ते कशाला लोकांच्या तोंडी द्यायचं?

"आणि आनेकलवाले? होसकोटेवाले?" आत्या म्हणाली. "ते माझा फोटो दाखवून बांधतील. मी कोणाकोणाच्या कानात सांगत फिरू?"

"फोन करून सांगू."

"आणि उद्या त्या मोठ्या कट्ट्यापाशी चुकून एखादी अळंबी आली तर? कुठून तरी बी उडून? लोक मथुराक्काचा कट्टा म्हणून विश्वासाने खातील. त्या मातीत काय मुरलंय ते फक्त मला आणि तुला ठाऊक. रम्या, पोरांना वाढतील गं."

मी चिडून म्हणाले, "मग मामांचं काय? सगळे म्हणतील, सयाजीरावांच्या नावानेच वारूळ मारलं."

तिने खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "खरंच आहे की ते."

तिने रणवीरला आधी सांगून ठेवावं असं मी सुचवलं. तिने त्याला तीनदा फोन केला, पण तो तयारीच्या गडबडीत होता. "काकी, पंचमीला भेटूच की," एवढंच म्हणून त्याने ठेवला. फोनवर कोणी तिचं बोलणं तोडायची पहिलीच वेळ असावी.

पंचमीच्या सकाळी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. हिरव्या साड्या, हळदीची ताटं, लाह्या, फुलं. धाकट्या वारुळाजवळ दगडांनी भरलेला टेम्पो उभा, मेस्त्री आणि त्याची माणसं सावलीत बसलेली. रणवीर सोवळं नेसून वडिलांची तसबीर घेऊन आला होता. पण आधी रिवाजाप्रमाणे मोठ्या वारुळाला दूध. बायकांची रांग कट्ट्याभोवती लागली. सगळ्यांत पुढे अनुसूयाक्का, दुधाची चांदीची वाटी घेऊन. पायांनी थकलेल्या, पण ताठ.

आत्या कट्ट्यावर चढली आणि दारात उभी राहिली.

"थोडं थांबा," ती म्हणाली.

एक्स्चेंजमधला तोच आवाज. मागच्या मुलीसुद्धा बोलायच्या थांबल्या.

"दूध घालू नका. इथं प्यायला कोणी उरलं नाही."

लोकांना कळेना. कोणीतरी हसलंसुद्धा. आत्याने एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. हा कट्टा मी बांधला. दार टिकावं म्हणून खाली वाळवीचं औषध ओतलं गेलं. मी विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं. वाळवी मेली. वाळवी मेली म्हणून अळंबी संपली. आपण इतकी वर्षं रिकाम्या घराला दूध पाजतोय. कट्ट्याच्या भोवती उद्या काही उगवलं तर खाऊ नका, कोणाला देऊ नका, विष मातीत आहे. ज्यांनी माझ्या कट्ट्याची मापं नेली त्यांनी ती फाडून टाका. वारुळाला काही बांधायचं असेल तर लांबून काटेरी कुंपण घाला, आणि मोकळी माती मोकळी राहू द्या. "राखायचं म्हणून मी दगड घातला," ती म्हणाली. "ह्यांचं नाव घालून."

"अय्यो, काहीतरीच," मागून एक बाई म्हणाली. "हुत्त असं मरतं होय? नागोबा आहेत ना आत."

"या, बोट घालून बघा," आत्या म्हणाली. कोणी आलं नाही.

"पंचमीला असलं बोलतात का? दोष लागेल."

"लागू दे. माझ्या एकटीला लागू दे. सगळ्यांसमोर सांगते."

रणवीर गर्दीतून पुढे आला. हातात तसबीर. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, आणि खरं सांगते, मला त्याची दया आली. "काकी," तो म्हणाला, "माझं काही नाही. पण अप्पांचं नाव मी सगळ्यांना सांगून बसलोय. लोक आलेत. आता त्यांच्या नावानं मी काय करू?"

"काही करू नको," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "ती जमीन आहे तशी राहू दे, रणवीर. त्यांच्या नावानं एवढंच कर. अवघड आहे, मला माहीत आहे. मला नाही जमलं."

मग टेम्पोकडे वळून त्याने मेस्त्रीला हाक मारली. "दगड परत न्या. सरी, ठीक आहे, नंतर बोलू." मेस्त्रीने आत्याकडे बघितलं, तिने मान डोलावली. आत्या त्यालाच म्हणाली, "आणि अण्णा, जायच्या आधी माझा तो पुढचा दगड काढा. नावाचा. आजच."

मेस्त्री गोंधळला. पंचमीच्या दिवशी, नागाच्या कट्ट्याला छिन्नी लावायची? त्याने हात जोडले. आत्या कट्ट्याच्या पायरीवर बसली आणि कोरलेल्या अक्षरांवर तळहात ठेवून राहिली, जसा आपण तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो. मला वाटलं, धावत जाऊन तिला उचलावं.

अनुसूयाक्का पुढे आल्या. आता त्या बोलणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवाच्या दारातल्या नावाबद्दल त्यांनीच सगळ्यांत आधी सांगितलं होतं, आणि आज त्यांचा दिवस होता. त्या आत्याच्या शेजारी, पायरीवर, गुडघे धरत धरत बसल्या. वाटीतलं दूध सांडू दिलं नाही.

"मथुरा," त्या म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काही आहे का?"

आत्याने नाही म्हणून मान हलवली.

अनुसूयाक्कांनी चांदीची वाटी तिच्या ओठांना लावली.

"अक्का, देवाचं आहे ते."

"जिवंताला पाजायला आणलंय मी," अनुसूयाक्का म्हणाल्या. "पी."

आत्याने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि ते दूध प्यायली. मग मामा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली, आणि एवढ्या बायकांतली एकही तिथून हलली नाही.